बुजगावण्याला पाखरे किती दिवस भितात?

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडे पूर्वी शेताशेतांत माळे उभे राहत आणि त्यांवर बसून कुणी ना कुणी दिवसभर पाखरे राखत असे. बुजगावणेही असायचेच: दोन काठ्यांची फुली, तिच्यावर फाटका सदरा आणि डोक्याच्या जागी चुना फासलेले मडके. परंतु नुसत्या बुजगावण्याच्या भरवशावर पीक सोडून घरी जाणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. सुरुवातीला पाखरे त्याच्यापासून लांब राहतात, मग आसपासची कणसे टिपू लागतात आणि पुढे त्याच्याच खांद्यावर विसावा घेतात. म्हणून जाणती माणसे बुजगावण्याची जागा बदलत राहतात, त्याचे कपडे बदलतात, मध्येच डबा बडवतात. आणि एवढे करूनही खरा विश्वास गोफणीवर ठेवतात, कारण गोफणीचा दगड केव्हा आणि कोणत्या बाजूने येईल याचा पाखरांना अंदाज नसतो आणि तो लागला तर जिवावर बेततो. आता चमकणाऱ्या फिती आल्या, गॅसवर चालणाऱ्या आवाजी तोफा आल्या. पण ठरावीक वेळाने ठरावीक जागी वाजणाऱ्या तोफेलाही पाखरे जुमानेनाशी होतात, हे वेगवेगळ्या देशांतील शेतीसंशोधकांनी नोंदवलेले आहे.

मानसशास्त्रात या प्रकाराला हॅबिच्युएशन म्हणतात. या लेखात मी सरावणे असाच शब्द वापरणार आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, तिच्यापासून बरे किंवा वाईट काहीच निष्पन्न होत नाही आणि तिला दिला जाणारा प्रतिसाद हळूहळू कमी होत जातो, एवढाच त्याचा गाभा आहे. शिकण्याच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत साधा मानला जातो आणि बहुधा त्यामुळेच पाठ्यपुस्तकांत त्याला एखादे पान मिळते. बक्षीस, शिक्षा, घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा यांच्याकडे सगळे लक्ष जाते. मला हा क्रम अन्यायाचा वाटतो. दिवसभरात आपण ज्या असंख्य गोष्टींची दखल घेत नाही, त्या न घेण्यामागे मज्जासंस्थेने केलेला हिशेब असतो आणि तो हिशेब नेमका कशाच्या आधारावर केला जातो हे कळले, की त्याच्या चुकाही समजू लागतात.

पहिला प्रश्न असा की पाखरे खरोखर शिकतात की केवळ थकतात? प्रतिसाद कमी होण्याची कारणे तीन असू शकतात. डोळे किंवा कान थकले असतील, स्नायू थकले असतील किंवा या दोहोंच्या मध्ये कुठे तरी काही बदलले असेल. बुजगावण्याला न भिणारे पाखरू टाळी वाजताच उडते, म्हणजे पंख शाबूत आहेत. बुजगावणे दहा हात सरकवले की ते पुन्हा बिचकते, म्हणजे डोळेही शाबूत आहेत. त्यामुळे तिसरी शक्यता उरते. प्रयोगशाळेतही हीच कसोटी लावतात: एखाद्या आवाजाला प्राणी सरावला, की मध्येच एखादा निराळा, अनपेक्षित झटका देतात, त्यानंतर जुन्या आवाजालाही प्रतिसाद पुन्हा मिळू लागला, तर तो थकवा नव्हता हे सिद्ध होते. थकलेला स्नायू असा क्षणात ताजातवाना होत नाही.

या विषयावरील फार जुन्या निरीक्षणांपैकी एक कोळ्यांवरचे आहे. अमेरिकेतील मिलवॉकी येथे राहणारे जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम हे दांपत्य कोळ्यांचा अभ्यास करत असे. १८८७ साली त्यांनी लिहिले की कंप पावणारा नादकाटा जाळ्याजवळ नेला की कोळी आपल्या धाग्यावरून झटकन खाली उतरतो. परंतु हेच पुन्हा पुन्हा केले, की काही वेळाने तो जागचा हलतही नाही. मेंदू म्हणण्याजोगे फारसे काही नसलेल्या जिवालाही धोका आणि पोकळ धमकी यांतला फरक कळू लागतो, ही गोष्ट त्या काळी नक्कीच विचारात पाडणारी असली पाहिजे.

पुढे रशियात पावलोव्हच्या कुत्र्यांनी निराळीच अडचण निर्माण केली. प्रयोगाच्या खोलीत एखादा अनोळखी माणूस आला किंवा खुडबूड झाली, की कुत्रा कान टवकारून तिकडे पाही आणि चाललेला प्रयोग बिघडे. पावलोव्हने या कान टवकारण्याला ‘हे काय आहे?’ अशी प्रतिक्षिप्त क्रिया म्हटले. ही क्रिया वारंवारच्या अनुभवाने का मावळते, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर मॉस्कोतील येवगेनी सोकोलोव्ह याने १९६०च्या आसपास मांडले. त्याचे म्हणणे असे की मेंदू येणाऱ्या प्रत्येक संवेदनेचा नमुना साठवतो आणि नवी संवेदना त्या नमुन्याशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर लक्ष देण्याचे कारण उरत नाही, जुळले नाही तर शरीर सावध होते. या मांडणीचा पुरावा मोठा सुरेख आहे. एकाच तीव्रतेच्या आवाजाला माणूस सरावल्यानंतर तो आवाज अचानक लहान केला, तरी कान टवकारले जातात. कान थकले असते तर लहान आवाजाला प्रतिसाद आणखी कमी व्हायला हवा होता. इतकेच नव्हे, तर ठरावीक अंतराने येणाऱ्या आवाजांपैकी एक गाळला, तर त्या गाळलेल्या जागी, म्हणजे काहीच घडलेले नसताना, प्रतिसाद मिळतो. रात्री वीज जाऊन पंख्याची घरघर थांबली, की उकडायला लागण्याच्या आधीच पुष्कळांना जाग येते, ती याच कारणाने असावी. घरघर आपल्याला ऐकू येत नव्हती असे आपण सांगतो, पण कुणी तरी ती सतत ऐकत होते आणि ताडून पाहत होते.

१९६६ साली रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम अल्डेन स्पेन्सर या दोन अमेरिकी संशोधकांनी तोवर विखुरलेली निरीक्षणे गोळा करून सरावण्याची नऊ लक्षणे सांगितली. २००९ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी ती पुन्हा तपासली आणि त्यांत दीर्घकाळ टिकणाऱ्या सरावाच्या दहाव्या लक्षणाची भर घातली. सगळी येथे देत नाही. रोजच्या जगण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की क्षीण संवेदनेला जीव लवकर सरावतो, अतितीव्र संवेदनेला कदाचित कधीच सरावत नाही. मध्ये खंड पडला की प्रतिसाद आपोआप परत येतो. मात्र दुसऱ्या वेळी तोच जीव आधीपेक्षा लवकर सरावतो. हे शेवटचे लक्षण मला विशेष बोलके वाटते. माहेरपणाला आलेल्या लेकीला पहिल्या रात्री गावातल्या कुत्र्यांच्या भुंकण्याने झोप लागत नाही आणि दुसऱ्या रात्री गाढ झोप लागते, कारण तो धडा तिने लहानपणीच गिरवलेला असतो.

याच्या अगदी उलट प्रक्रियाही मज्जासंस्थेत चालू असते आणि ती विसरली तर सगळे चित्र खोटे होते. संवेदना तीव्र असेल, वेदना देणारी असेल किंवा जीव आधीच घाबरलेला असेल, तर पुनरावृत्तीने प्रतिसाद कमी न होता वाढत जातो. फिलिप ग्रोव्हज आणि थॉम्पसन यांनी १९७० साली असे मांडले की प्रत्येक वेळी या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालतात आणि आपल्याला दिसते ती त्यांची गोळाबेरीज. दिवाळीतील फटाक्यांना पुष्कळ कुत्री सरावत नाहीत, उलट दर वर्षी अधिक भेदरतात. ‘होईल सवय’ हा आपल्याकडचा लाडका दिलासा म्हणूनच सरसकट देता येत नाही; सवय होणार की धसका बसणार, हे त्रासाच्या तीव्रतेवर आणि त्रास होणाऱ्याच्या अवस्थेवर अवलंबून असते.

हे सगळे शरीरात नेमके कोठे घडते, हे एका समुद्री गोगलगाईने दाखवून दिले. व्हिएन्नात १९२९ साली जन्मलेले आणि नाझींमुळे लहानपणीच अमेरिकेत आलेले एरिक कॅन्डेल यांनी स्मृतीच्या अभ्यासासाठी ॲप्लिसिया नावाची गोगलगाय निवडली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. परंतु तिच्या संपूर्ण मज्जासंस्थेत सुमारे २०,००० पेशी असतात, त्यांतल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि प्रत्येक गोगलगाईत त्याच जागी सापडतात. तिच्या पाठीवर पाणी बाहेर टाकणारी एक नळी असते. त्या नळीला हलकासा स्पर्श केला की ती आपला श्वसनाचा कल्ला आत ओढून घेते. दहाएक वेळा स्पर्श केल्यावर ही प्रतिक्रिया अगदी मंदावते. कॅन्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पर्श जाणणाऱ्या पेशीपासून कल्ला हलवणाऱ्या पेशीपर्यंतचा मार्ग शोधून काढला आणि त्यांना असे दिसले की पहिली पेशी पूर्वीइतकाच संदेश घेते, स्नायूही पूर्वीइतकाच सक्षम असतो. फक्त दोन पेशींच्या जोडावर पहिली पेशी जे रासायनिक द्रव्य सोडते, त्याचे प्रमाण घटलेले असते.

एका बैठकीनंतरचा हा परिणाम काही मिनिटे टिकतो, फार तर तासभर. परंतु अशा बैठका लागोपाठ चार दिवस घेतल्या, तर गोगलगाय तीन आठवडे स्पर्शाकडे दुर्लक्ष करते, आणि तेव्हा बदल केवळ रसायनाचा राहत नाही. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी या पेशींची टोके मोजली. साध्या गोगलगाईत एका संवेदी पेशीची सुमारे १,३०० टोके असतात. दीर्घकाळ सरावलेल्या गोगलगाईत ती ८५०च्या आसपास उरतात. आणि शेपटीला विजेचे झटके देऊन बिथरवलेल्या गोगलगाईत ती २,७००पर्यंत वाढतात. दुर्लक्ष करायला शिकणे म्हणजे अक्षरशः जोडण्या कमी करणे, हे यातून दिसले. या आणि अशा कामासाठी कॅन्डेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण लाजाळूचा उल्लेख टाळणे मला जमणार नाही. पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी लाजाळूची रोपे घोडागाडीत ठेवून दगडी रस्त्यांवरून फिरवली गेली; हादऱ्यांनी पाने मिटली, पण गाडी चालू असतानाच ती पुन्हा उलगडली. २०१४ साली मोनिका गॅल्यानो आणि सहकाऱ्यांनी कुंडीतली लाजाळू थोड्याशा उंचीवरून वारंवार खाली सोडून हाच प्रकार मोजला. पाने मिटेनाशी झाल्यावर कुंडी निराळ्या पद्धतीने हलवली असता ती मिटली, आणि महिनाभरानंतरही झाडाला जुना धडा ‘आठवत’ होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यावर अजून वाद चालू आहे; ज्या झाडाला एकही मज्जापेशी नाही, त्याच्या बाबतीत थकवा आणि शिकणे वेगळे करणे सोपे नाही, हा टीकाकारांचा मुद्दा मला रास्त वाटतो.

सरावण्याचा संशोधकांनी केलेला सर्वांत कल्पक वापर मात्र तान्ह्या मुलांच्या बाबतीत आहे. बोलता न येणाऱ्या बाळाला दोन गोष्टींतला फरक कळतो का, हे विचारायचे कसे? १९७१ साली पीटर ऐमास आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांना चोखणी तोंडात देऊन ‘बा’सारखा आवाज ऐकवला. नवा आवाज ऐकण्यासाठी बाळे जोराने चोखतात, मग सरावतात आणि चोखणे मंदावते. त्याच वेळी ‘बा’ऐवजी ‘पा’ वाजवला, की चोखणे पुन्हा वाढते. कंटाळा येणे आणि कंटाळा मोडणे यांवरून बाळाने उत्तर दिलेले असते.

प्रयोगशाळेतून आपल्या रस्त्यांवर आलो, की पहिला विषय आवाजाचा. रेल्वेमार्गालगत किंवा हमरस्त्यावर राहणारी माणसे अभिमानाने सांगतात की आम्हाला आता काही ऐकूच येत नाही. ते खरेच सांगत असतात, परंतु त्यांच्या हृदयाला ते मान्य नसते. झोपेवरील अभ्यासांत असे आढळते की रहदारीच्या आवाजाने जाग येण्याचे प्रमाण काही रात्रींत कमी होते. मात्र प्रत्येक आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हा प्रतिसाद रात्रीमागून रात्री जवळजवळ तसाच राहतो. मन सरावले म्हणून शरीर सरावले असे होत नाही. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ओलांडली जात असताना तक्रार होत नाही याचा अर्थ इजा होत नाही, असा लावणे घातक आहे.

मुलांच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसले आहे. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इमारतीला लागून उन्नत रेल्वेमार्ग जात होता. १९७५ साली अर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी त्याच इमारतीतील रुळांच्या बाजूच्या आणि शांत बाजूच्या वर्गांची तुलना केली, तेव्हा गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे पडलेली आढळली. नंतर रुळांवर आवाज कमी करणारे उपाय केले गेले, वर्गांत ध्वनिशोषक छत बसवले गेले, आणि पुढच्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली. त्या मुलांनी गाडीच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे शिकून घेतले असणार. दुर्लक्ष करण्याच्या त्या धड्यात शिक्षकांचा आवाजही काही प्रमाणात बाद होत असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला संभवनीय वाटते.

हॉर्नची कथा आणखी वाकडी आहे, कारण येथे सरावणारा आणि आवाज करणारा एकमेकांना भडकावत राहतात. हॉर्नला कुणी दाद देत नाही म्हणून तो अधिक वेळा वाजवला जातो आणि अधिक वेळा वाजल्यामुळे त्याला आणखी कमी दाद मिळते. मुंबई पोलिसांनी २०२०च्या सुरुवातीला यावर एक मजेदार तोड जाहीर केली होती: चौकातील आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. कल्पना मानसशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती, कारण ज्या आवाजाला काहीच परिणाम उरलेला नव्हता, त्याला तिने परिणाम जोडून दिला. एखाद्या गोष्टीकडे पुन्हा लक्ष वेधायचे असेल तर ती मोठी करण्यापेक्षा तिच्या मागे काही तरी घडावे लागते, हे गोफणवाल्याला ठाऊकच असते.

जिथे ही प्रक्रिया जीव घेऊ शकते अशी जागा म्हणजे अतिदक्षता विभाग. एका खाटेभोवती नाडी, रक्तदाब, प्राणवायू, श्वास, सलाईन अशा सर्वांची यंत्रे आणि प्रत्येकाचा इशाऱ्याचा आवाज. बोटाची क्लिप सरकली, रुग्ण कुशीवर वळला, तरी यंत्र वाजते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली प्रसृत केलेल्या सूचनेत म्हटले होते की अशा इशाऱ्यांपैकी ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांवर वैद्यकीय हालचालीची गरज नसते. आणि जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली, ज्यांत ८० रुग्ण दगावले. अशा वेळी दोष परिचारिकेवर ढकलणे सर्वांत सोपे असते. परंतु शंभरांत पंच्याऐंशी किंवा त्याहून अधिक वेळा काहीही न घडणारा आवाज ऐकून प्रत्येक वेळी तितक्याच तातडीने धावणारी मज्जासंस्था निसर्गात नाही.

‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट येथे हटकून आठवते, पण ती तंतोतंत लागू पडत नाही. गोष्टीतल्या गावकऱ्यांनी मुलावरचा विश्वास जाणूनबुजून काढून घेतला होता. परिचारिकेच्या बाबतीत तसा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. आवाज तिच्या लक्षापर्यंत पोहोचण्याच्या आधीच गाळला जातो, आणि म्हणूनच ‘सावध राहा’ अशा सूचनेचा उपयोग फारसा होत नाही. उपयोग होतो तो निरर्थक इशारे मुळातच कमी करण्याचा: रुग्णागणिक मर्यादा ठरवणे, हृदयाचे ठोके टिपणारी चिकटपट्टी वेळच्या वेळी बदलणे, किरकोळ गोष्टींसाठी आवाजाऐवजी दिवा वापरणे. आपल्याकडील रेल्वेत निराळा मार्ग आहे. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि त्याचा सहायक त्याची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात, हाताने खूण करतात. हजारो वेळा हिरवाच दिसलेल्या दिव्याकडे नजर जाणे आणि तो पाहणे यांत जे अंतर पडते, ते या उच्चाराने भरून निघावे अशी त्यामागची धारणा आहे. हा उच्चारही यांत्रिक होऊ शकतो, हे खरेच. तरीही तोंडाने लाल म्हणणे आणि मनाने हिरवा समजणे अवघड असते.

घरगुती गॅसच्या वासाबद्दल एवढेच सांगतो की तेथे सरावण्याबरोबर नाकातील ग्राहक पेशींचे मंदावणेही असते, त्यामुळे तो या विषयाचा शेजारी म्हणावा, सख्खा भाऊ नव्हे. गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळलेले असते; परंतु बराच वेळ त्याच खोलीत असलेल्या माणसाला तो वास येईनासा होतो आणि बाहेरून आलेला उंबऱ्यातच ‘गॅस चालू राहिला का?’ असे विचारतो. अशा वेळी स्वतःच्या नाकापेक्षा त्या पाहुण्याच्या नाकावर विश्वास ठेवावा.

जेवणाचा विषय अधिक सुखाचा आहे. लिओनार्ड एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली माणसांच्या जिभेवर लिंबाच्या एका जातीचा रस पुन्हा पुन्हा ठेवून लाळ मोजली. ती दर खेपेस घटत गेली, आणि दुसऱ्या जातीच्या लिंबाचा रस येताच पुन्हा वाढली. याच गटाने २०११ साली काही स्त्रियांना मॅकरोनी आणि चीज हा पदार्थ खायला दिला. तो सलग पाच दिवस खाणाऱ्यांचे खाणे घटले, आठवड्यातून एकदा खाणाऱ्यांचे घटले नाही. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढण्याची आपली पद्धत याच अंगाने पाहण्यासारखी आहे. वरणभाताच्या चार घासांनी जीभ सरावते, बोटभर चटणी तिला जागे करते आणि पुढचा वरणभात पुन्हा गोड लागतो. पंगतीत जिलब्या रिचवणारे मध्येच मठ्ठ्याचा घोट घेत, त्यांना हे तंत्र पक्के कळलेले होते. अर्थात याची दुसरी बाजू अशी की ज्या ताटात विविधता अधिक, त्या ताटावर पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, आणि लग्नाच्या बुफेत आपण सगळे तेच करतो.

सुखाच्या सरावाबद्दल १९७८ सालचा एक अभ्यास जिथे तिथे उद्धृत होतो. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात अवयव लुळे पडलेले २९ जण आणि सामान्य २२ जण यांच्या सुखाची तुलना केली. ‘लॉटरी लागलेले आणि अपंग झालेले शेवटी सारखेच सुखी असतात’ असा त्याचा सारांश व्याख्यानांतून ऐकवला जातो, आणि तो चुकीचा आहे. शून्य ते पाच या मोजपट्टीवर लॉटरीवाल्यांचे सुख ४.००, सामान्यांचे ३.८२ आणि अपघातग्रस्तांचे २.९६ आले होते. लॉटरीवाले इतरांहून लक्षणीयरीत्या अधिक सुखी नव्हते आणि रोजच्या लहानसहान गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता, हा भाग खरा. परंतु अपघातग्रस्त सामान्यांच्या बरोबरीला आले होते, असे ते आकडे सांगत नाहीत. माणूस चांगल्या गोष्टींना जितक्या लवकर सरावतो तितक्या लवकर सगळ्या वाईट गोष्टींना सरावत नाही. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ‘काळ हेच औषध’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी ते आकडे पाहावेत.

समाजालाही काही गोष्टींची सवय होते, असे आपण म्हणतो: खड्डे, कचरा, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची आतल्या पानावरची बातमी. या ठिकाणी मी थोडा हात आखडता घेतो. एका मज्जासंस्थेत घडणारी प्रक्रिया उचलून लाखो माणसांवर लावली, तर त्यात हतबलता, स्वार्थ, कामाचा ताण आणि निव्वळ निर्ढावलेपणा हे सगळे एकाच टोपलीत पडते. बातमी वाचून काही वाटेनासे झाले, हा भाग सरावण्याचा असेल. बातमी आतल्या पानावर कुणी नेली, हा प्रश्न मानसशास्त्राचा नाही.

राहिला भीतीवरच्या उपचाराचा विषय, जिथे ही प्रक्रिया मुद्दाम घडवून आणली जाते. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या सान्निध्यात, पळून न जाता, पुरेसा वेळ थांबायचे, हे त्याचे साधे सूत्र. एड्ना फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६ साली मांडलेल्या विवेचनात त्या बैठकीतच भीती उतरणे आणि पुढील बैठकांगणिक ती कमी होत जाणे यांना महत्त्व होते. कानात सतत नाद ऐकू येणाऱ्यांसाठी पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी विकसित केलेली पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे: नाद बंद करण्यापेक्षा त्याचे धोक्याशी असलेले नाते सोडवायचे, म्हणजे मेंदू त्याला पंख्याच्या घरघरीप्रमाणे गाळू लागतो.

अलीकडे मात्र मिशेल क्रॅस्के आणि इतर संशोधकांनी दाखवून दिले आहे की एखाद्या बैठकीत भीती किती उतरली, यावरून पुढे तो माणूस किती बरा राहील हे नीटसे सांगता येत नाही. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘येथे काही होत नाही’ असा नवा धडा लिहिला जातो, आणि त्या धड्यातला ‘येथे’ हा भाग मेंदू फार काटेकोरपणे पाळतो. उपचारतज्ज्ञाच्या खोलीतल्या कुत्र्याला सरावलेला माणूस गल्लीतल्या कुत्र्यासमोर पुन्हा गारठतो. म्हणून आता कुत्र्याच्या भीतीवर उपचार करताना एका कुत्र्यावर थांबत नाहीत. लहान, मोठा, बांधलेला, मोकळा, भुंकणारा असे निरनिराळे कुत्रे, बागेत, जिन्यात, रस्त्यावर, कधी तज्ज्ञ सोबत असताना आणि कधी एकट्याने, असा सराव मुद्दाम विखरून दिला जातो, आणि बैठकांमधले अंतरही हळूहळू वाढवत नेतात.